पावसाआड रंग सोडणाऱ्या शेठजींस

रा. रा. शेठजी यांस,

नमस्कार वि. वि.

‘सप्रेम’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे. तुमचं नाव, कारखान्याचं नाव आणि प्लॉट नंबरही गाळला आहे. तरी हे पत्र आपल्यालाच आहे हे तुम्ही ओळखाल. वऱ्हाडात आभाळ भरून आलं की शेतकरी पेरणीचं बघतो आणि तुम्ही व्हॉल्व्हचं बघता. मोठी सर कोसळली, लाइन गेली, की तुमच्या मागच्या भिंतीतल्या पाइपातून पाणी सुटतं. पहाटे नाला फिरोजी असतो, दुपारी गढूळ होतो, आणि संध्याकाळी कोणी तक्रार घेऊन आलंच तर दाखवायला काही उरलेलं नसतं. तुमचं नियोजन चोख आहे, हे मान्य करायलाच हवं. यातलं निम्मं नियोजन सांडपाण्याच्या टाकीसाठी केलं असतंत तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी अमरावतीत रसायनशास्त्र शिकवते आणि तुमच्या नाल्याच्या खालच्या अंगाला राहते. विचारायला म्हणून तुमच्या गेटवर आले होते. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं कळलं. गेटवरचा माणूस म्हणाला, “बाई, रंगच हाये तो. रंगानं काय होते?” त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्हाला मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतिपत्रात अटींसकट लेखी सांगितलं आहे. म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. नांदगाव पेठचा वस्त्रोद्योग पट्टा, किंवा २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात ज्याची पायाभरणी झाली तो अमरावतीचा हजार एकरांचा पीएम मित्र पार्क, यांच्याकडे मी बोट दाखवत नाही. कापूस आमचा आहे, तर कापडही इथंच विणलं जावं, इथंच रंगावं आणि आमच्या पोरांना गावाजवळ काम मिळावं, असं मलाही मनापासून वाटतं. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बाहेर गेला आणि त्याचा पैसाही बाहेरच राहिला, हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चाललं आहे. म्हणूनच तुमची चीड येते. आता कुठं उद्योग येऊ पाहतो आहे, तर तुमच्यासारखा एक जण सगळ्यांचंच नाव नाल्यात सोडतो.

आता रंगानं काय होतं ते ऐका.

सुती कापडावर आज मुख्यतः रिअॅक्टिव्ह रंग चढवतात. हे रंग १९५६ साली बाजारात आले. धाग्यातल्या सेल्युलोजशी ते पक्का रासायनिक बंध करतात, म्हणून धुतल्याने जात नाहीत. पण भांड्यातला सगळा रंग धाग्याला लागत नाही. छटेप्रमाणे कधी पाचवा तर कधी तिसरा हिस्सा पाण्याशीच अभिक्रिया होऊन निकामी होतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. फिरोजी छटा तर धाग्याला धरायला भलतीच अवघड, आणि तिच्या रेणूच्या मध्यभागी तांब्याचा अणू बसलेला असतो. म्हणजे पहाटे नाल्यात जो रंग दिसतो, त्यात तांबं आहे. बाकीचे बरेच रंग अझो गटातले. तळच्या चिखलात, जिथं प्राणवायू नसतो, तिथं ते तुटतात आणि त्यातून अॅरोमॅटिक अमाइन्स सुटू शकतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. त्याच कारणासाठी केंद्र सरकारने १९९० च्या दशकात ११२ रंगांवर बंदी आणली. शिवाय रंगाने दाट झालेल्या पाण्यात ऊन खाली उतरत नाही. शेवाळ मरतं, प्राणवायू घटतो, मासोळ्या वर येऊन तोंड उघडतात.

रंग धाग्यावर ढकलायला तुम्ही लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ घालता. तेही त्याच पाइपातून येतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. शेकडो गावांना गोडं पाणी लांबून पाइपाने आणावं लागतं. अशा मुलखात तुम्ही मिठाचं पाणी फुकट वाटता. जखमेवर मीठ चोळणं लोक म्हणीपुरतं बोलतात, तुम्ही ते करून दाखवलं.

तुमच्या दुसऱ्या शेडमध्ये नळ, कड्या आणि हँडलं चकचकीत होतात. त्या चकाकीसाठी, म्हणजे प्लेटिंगसाठी, निकेल आणि क्रोमियम लागतं. सहा संयुजेचं क्रोमियम माणसाला कर्करोग देतं. कारखान्याने नदी-नाल्यात सोडलेल्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा नियम आहे. निकेलला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्यात तर एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२ आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवं. शेण, मूत्र, उष्टं-खरकटं कालांतराने कुजून मातीत जिरतं. धातू कुजत नाही. तो चिखलात बसतो, पालक-मेथीच्या पानांत चढतो, जनावरांच्या पोटात जातो. तुमचा नाला पेढीला मिळतो, पेढी पूर्णेला आणि पूर्णा चांगदेवला तापीला. पुढे हतनूरचं धरण आहे. तुम्ही पाइप आमच्या मागच्या बाजूला काढलात, पण त्याचं दुसरं टोक खानदेशात आहे.

इतक्या आडगावी कोण बघतं, असं तुम्हाला वाटत असेल. तळोज्यालाही तसंच वाटलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीत निळे पडलेले कुत्रे रस्त्यावर फिरताना लोकांनी पाहिले. कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल माणसं कितीतरी आधीपासून ओरडत होती. त्यांचं म्हणणं कागदावर राहिलं, आणि कुत्र्यांच्या अंगावरचा रंग जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

तुमचं उत्तर माझ्या कानावर आलं आहे. “शुद्धीकरण परवडत नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बनचा भाव बघा, रेझिनचा भाव बघा, आमचा धंदा छोटा आहे.” या उत्तरासाठीच मी हे पत्र लिहायला बसले, कारण धंदा लहान असल्याची सबब सांगायला वऱ्हाडाइतकी चुकीची जागा तुम्हाला सापडली नसती. धातू आणि रंग धरून ठेवणारा माल आमच्या धुऱ्यावर, उकिरड्यावर आणि संत्र्याच्या बागेत पडून सडतो आहे.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याची गळ होते तेव्हा झाडाखाली फळांचा सडा पडतो. ती फळं व्यापारी घेत नाही, खड्ड्यात पुरावी लागतात. त्याच फळांच्या सालीबद्दल सांगते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्लेटिंगच्या सांडपाण्यातलं निकेल संत्र्याच्या सालीने काढून दाखवलं, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने ते सालीतून परतही मिळवलं. त्यांनी वापरलेली जात सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे आपला नागपुरी संत्रा ज्या जातीचा तीच. त्याआधी १९९६ मध्ये कोइम्बतूरच्या संशोधकांनी संत्र्याच्या सालीवर कापडाचे रंग धरून दाखवले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २००५ साली हरभऱ्याच्या टरफलाने सहा संयुजेचं क्रोमियम काढलं. पाणी चांगलंच आंबट असताना टरफलाची क्षमता ग्रॅममागे सुमारे ९० मिलिग्रॅम भरली. मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी १९८० च्या दशकापासून हाच विषय समुद्री शेवाळावर खणून काढला. याला बायोसॉर्प्शन म्हणतात. त्यात जिवंत जंतू पाळावे लागत नाहीत, त्यांना खाऊ घालावं लागत नाही. मेलेलं, वाळलेलं साल-टरफलही काम करतं.

ते कसं, हे तुमच्या इंजिनिअरला माहीत असेल, तरी लिहिते. संत्र्याच्या सालीत पेक्टिन असतं. त्याच्या साखळीवर कार्बोक्झिल गट असतात आणि त्यांच्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम बसलेलं असतं. शिसं किंवा निकेल असलेलं पाणी सालीवरून गेलं की एसटीत एक उतारू उठावा आणि दुसऱ्याने जागा धरावी, तसं कॅल्शियम उठतं आणि धातू तिथं बसतो. पाणी फार आंबट असेल तर हायड्रोजनच सगळ्या जागा अडवतो, म्हणून निकेल-तांब्यासाठी सामू चार ते सहाच्या आसपास ठेवावा लागतो. क्रोमियमचं उलटं. ते पाण्यात ऋणभारित असतं, त्याला आंबट पाणीच मानवतं, आणि टरफलातले घटक त्याचं रूपांतर कमी घातक अशा तीन संयुजेच्या क्रोमियममध्येही करतात.

तुम्हाला आकडेच कळतात, तर आकडे घ्या. समजा प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. हजार लिटरमध्ये ते ५० ग्रॅम झालं. प्रयोगशाळेतल्या क्षमतेने त्याला साडेपाचशे ग्रॅम टरफल पुरतं. कारखान्यात ती क्षमता मिळत नाही. पाण्यात इतर क्षार असतात, आणि क्रोमियम जसजसं कमी होतं तसतशी पकडही ढिली होते. म्हणून दहापट माल धरू. साडेपाच किलो. हजार लिटर विषारी पाण्यासाठी साडेपाच किलो टरफल. अकोल्याच्या डाळमिलीत ते पोत्यांनी निघतं.

माझ्या वर्गातल्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. संत्र्याच्या साली वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या, आणि पिवळं पाणी येणं थांबेपर्यंत धुतल्या, कारण कच्ची साल स्वतःचाच रंग पाण्यात सोडते. ती भुकटी एका काचेच्या नळीत कापसाच्या बोळ्यावर भरली आणि वरून मिथिलीन ब्ल्यूचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं. वरचा थर काळा-निळा झाला. निळी रेघ हळूहळू खाली सरकत होती आणि खालच्या चोचीतून जवळजवळ बिनरंगी पाणी पडत होतं. मुलं नळीला नाक लावून उभी होती. मग बाटिकसाठी बाजारात मिळणारा रिअॅक्टिव्ह निळा रंग त्याच तऱ्हेने ओतला. तो जसा आला तसाच खाली उतरला. एका मुलीने लगेच विचारलं, “मॅडम, हा का नाही थांबला?” कारण मिथिलीन ब्ल्यू धनभारित आहे आणि साल ऋणभारित. रिअॅक्टिव्ह रंगही ऋणभारित, त्याला साल जवळ करत नाही.

शेठजी, हा दुसरा प्रयोग नीट लक्षात ठेवा. उद्या तुम्ही पाइपाच्या तोंडाशी संत्र्याच्या सालीचं पोतं बांधाल, फोटो काढाल आणि ‘हरित तंत्रज्ञान’ म्हणून पाटी लावाल, याची मला भीती वाटते. ते चालणार नाही. रिअॅक्टिव्ह रंगासाठी सालीवर आधी प्रक्रिया करावी लागते किंवा तिचा कोळसा करावा लागतो. मीठ तर कोणतंही टरफल काढत नाही. रंगकुंडातलं खारट पाणी बाकीच्या पाण्यात मिसळण्याआधीच वेगळं काढून आटवावं लागतं. प्लेटिंगचं पाणी आणि रंगाचं पाणी एकत्र करायचं नाही. निकेलसारख्या धातूचा मोठा भाग चुन्याने साक्याच्या रूपात खाली बसवायचा, आणि नेहमीच्या शुद्धीकरणानंतर जे थोडं पण घातक उरतं, ते साल-टरफलाच्या स्तंभावर सोडायचं. या साधनाची खरी जागा तिथं, शेवटच्या पायरीवर आहे. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही ते कारखान्यांत फारसं उतरलं नाही, यालाही कारणं आहेत. माल दर हंगामाला बदलतो, मिश्र पाण्यात क्षमता घटते आणि भरलेल्या सालीचं करायचं काय हा प्रश्न उरतो. ही अडचण खरी आहे. ती सोडवायला कष्ट लागतात. पाइप उघडायला लागत नाहीत.

भरलेल्या सालीबद्दल तर हात जोडून सांगते. निकेल किंवा क्रोमियम धरलेली साल हा घातक कचरा आहे. ती उकिरड्यावर टाकली तर विष नाल्यातून शेतात नेऊन ठेवलं, इतकंच होईल. वीटभट्टीत जाळली तर ते धुरात आणि राखेत जाईल. निकेल आम्लाने सोडवून पुन्हा कुंडात वापरा, तो तुमचाच पैसा आहे. साल निकामी झाली की ती नोंद करून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राला द्या.

मालही विचार करून निवडा. तुरीची चुनी आणि हरभऱ्याचं टरफल आमची जनावरं खातात. दुष्काळी वर्षात कुटाराची पेंढीसुद्धा सोन्याची होते. तुम्ही पैशाच्या जोरावर चुनी उचललीत तर गायी-म्हशींच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल. आणि तुमच्या कुंडातून निघालेलं एखादं पोतं चुकूनही ढेपेच्या दुकानात गेलं तर ते विष दुधात उतरेल. म्हणून डाळमिलीकडून जनावरांना न चालणारा, भिजलेला, बुरशी लागलेला माल घ्या. संत्र्याची गळ घ्या. कापूस वेचून झाल्यावर शेतकरी ज्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पेटवून देतो, त्या घ्या. त्यांचा भुसा होतो, कोळसाही होतो. त्यांचे पैसे द्या. वरूडच्या बागायतदाराला गळीच्या फळाचे आणि दर्यापूरच्या शेतकऱ्याला पऱ्हाटीचे चार पैसे मिळाले तर तुमच्या कारखान्याचं नाव लोक चांगल्या कारणासाठी घेतील.

अकोल्याला मोर्णा आहे. १३ जानेवारी २०१८ ला हजारो अकोलेकर त्या नदीत उतरले आणि हातांनी जलकुंभी ओढून काठावर आणली. विद्यार्थी होते, म्हातारी माणसं होती, सरकारी नोकर होते. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुक केलं. जलकुंभीची वाळलेली मुळं धातू आणि धनभारित रंग धरतात, हेही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण ती ज्या पाण्यात वाढली तिथलेच धातू तिच्या मुळांत आधीच असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय वापरायची नाही. माणसं सुटीच्या दिवशी गाळात उतरून दुसऱ्यांची घाण काढतात आणि तुम्ही तुमच्या मालकीची घाण तुमच्या आवारात ठेवू शकत नाही, हे मला अजूनही समजत नाही. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. तुमच्या ऑफिसात त्यांची तसबीर असेल तर तिच्यासमोर उभं राहून एकदा पाइपाचा विचार करा.

मदत हवी असेल तर ती हाकेच्या अंतरावर आहे. अमरावतीत विद्यापीठ आहे, अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपुरात नीरी आहे. पऱ्हाटी आणि संत्र्याच्या सालीवर काम करायला तयार असलेली, चाचणीसाठी खऱ्या सांडपाण्याचा नमुना मागणारी मुलं आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना कारखान्याच्या दारात उभं करत नाहीत. मग ती प्रयोगशाळेत स्वतःच केलेल्या रंगीत पाण्यावर प्रबंध लिहितात, आणि तुमचं खरं पाणी नाल्याने जातं. दार उघडा. नमुना द्या. एक हजार लिटरचा स्तंभ तुमच्या आवारात बसवू द्या. मी स्वतः मुलांना घेऊन येईन आणि एक पैसाही मागणार नाही.

आता माझं मागणं. मागच्या भिंतीतला पाइप सिमेंटने बुजवा. दोन्ही शेडचं पाणी वेगळं करा. शुद्धीकरणाची टाकी पावसातही चालू ठेवा, लाइन गेली तर जनरेटरवर चालवा. जो जनरेटर कापड थांबू देत नाही, तो पंपही थांबू देणार नाही. क्रोमियम, निकेल, तांबं, मीठ आणि रंग यांचे तपासणीचे आकडे गेटवर मराठीत लावा, म्हणजे तुमच्या गेटवरच्या माणसालाही कळेल रंगानं काय होतं ते.

हे तुम्ही करणार नसाल तर १९७४ चा जल प्रदूषण कायदा आहे. त्याच्या कलम ३३-अ खाली मंडळ तुमची वीज आणि पाणी तोडायला लावू शकतं. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय अमरावतीतच आहे. नाल्याकाठी घरं असलेल्या आम्हा काही जणांनी ठरवलं आहे: पुढच्या पावसाळ्यात पाणी ज्या रात्री रंगेल, त्याच रात्री मंडळाला कळवायचं आणि नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत काठावरून हलायचं नाही. दुपारी नाला गढूळ होईपर्यंत आता कोणी थांबणार नाही. पेरणीच्या आधी पाइप बुजवलात, तर मुलांना घेऊन तुमच्या आवारात येण्याचं माझं वचन मी पाळीन.

कळावे,

तुमच्या नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारी,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, अमरावती